आबाजी, पाकीट मीच फोडलं

याकोब आबाजी, मी शिकलो तो तुमच्यामुळे. हे वाक्य मी कॉलेजच्या निरोप समारंभात बोललो, नोकरीच्या मुलाखतीत बोललो, गावच्या शाळेनं सत्कार केला तेव्हा माईकवरही बोललो. तुमच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मात्र एकदाही बोललो नाही. डाव्या, कारण उजवा कान तर मी पाचवीत असतानाच गेला होता. आज तुम्हाला मातीत ठेवून सोळा दिवस झाले. आता कोणत्या कानाशी बोलू?

माझ्यासमोर एक पाकीट आहे. त्यावर माझ्या अक्षरात तुमचं नाव आहे, गाव आहे, तालुका गोंडपिपरी आहे. मी ते पोळ्याच्या आधी ऊर्जानगरच्या पोस्टात टाकलं होतं. ते तुम्हाला मिळालं, तुम्ही जपून ठेवलं, आणि फोडलं नाही. मी इकडे तीन महिने समजत होतो की तुम्ही ते वाचून घेतलंत आणि मला माफ केलं नाही. तुम्ही तिकडे समजत होता की मी येणार आणि वाचून दाखवणार. आबाजी, त्या पाकिटात मी माफी मागितली होती. तुम्ही ती न ऐकता गेलात. हे मला आता कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो आहे.

चूक माझी आहे. तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तुमचं पत्र दुसऱ्या कोणी वाचलेलं तुम्हाला चालत नाही, हेही माहीत होतं. जगात ही गोष्ट माझ्याइतकी कोणालाच माहीत नव्हती.

आईबाबा दर हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जायचे आणि मी, तुमचा नातू, तुमच्याजवळ राहायचो. तिसरीत मला जोडाक्षरं यायला लागली आणि त्याच वर्षी तुम्ही मला कामाला लावलंत. संध्याकाळी तुम्ही पडवीत जाळं दुरुस्त करायला बसायचा. एक टोक खांबाला, दुसरं तुमच्या पायाच्या अंगठ्याला, हातात बांबूची सुई. समोर मी, मांडीवर तुमचं पवित्र शास्त्र, बायबल. मी वाचायचो, तुमची सुई चालायची. बाहेर पोरं खेळायला बोलवायची तेव्हा मी मधल्या दोन ओळी गाळून पुढे जायचो. तुमची सुई थांबायची.

"मधातलं काई गिळलास का गा?"

"नाही आबाजी."

"मंग तो मानूस नावेत बसल्याबिगर पलीकडं कसा पोचला?"

मी गुपचूप मागे जायचो आणि त्या माणसाला नावेत बसवायचो.

त्या कोळ्याची गोष्ट तुमची सगळ्यांत लाडकी. खूप जाळं टाकून हाती काही न लागलेला तो माणूस. दर पंधरा दिवसांनी ती पुन्हा वाचायला लावायचा आणि दर वेळी समाधानानं म्हणायचा, "आपल्याच जातीचा होता तो. ढिवर. त्याले काय दुख असन, मले समजते." त्या पानात खूण म्हणून तुम्ही जाळ्याचा हिरवा नायलॉन दोरा घालून ठेवला होता.

शास्त्र वाचून झालं की कागद. घरात आलेला प्रत्येक कागद तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवायचा. मच्छीमार सोसायटीची नोटीस, बियाण्याची पिशवी, गोळ्यांची पट्टी, लग्नाच्या पत्रिका. एकदा तर देवळी गावच्या एका बारशाची पत्रिका मी बारसं होऊन आठ दिवसांनी वाचली, कारण मी परीक्षेला गेलो होतो. मार्था आत्या किती चिडली होती! तुमची मुलगी, चौथी शिकलेली, अक्षरं लावता यायची तिला. ती म्हणाली, "मी वाचलं असतं नं बाबा!" तुम्ही मान हलवलीत. "घरचं अक्षर ठरलेल्या मानसानंच वाचाचं."

कारणही तुम्ही मला सांगितलं होतं. तुमच्या तरुणपणी तुम्ही बाप्तिस्मा घेतलात तेव्हा तुमच्या भावानं सिरोंच्याहून पत्र पाठवलं. ते तुम्ही चहाच्या टपरीवर एकाकडून वाचून घेतलंत. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. भावानं लिहिलं होतं की आजपासून तू मला मेलास. सगळी टपरी ऐकत होती. तुमच्याआधी गावाला कळलं की तुमचा भाऊ तुटला. त्या दिवसापासून तुम्ही परक्याच्या तोंडून चिठ्ठी ऐकली नाही. मी वाचायला शिकलो तेव्हा तुम्ही पास्टरांना सांगितलंत म्हणे, "देवानं माह्या घरात डोये धाडले."

आणि मी, ते डोळे, पोस्टात पत्र टाकून मोकळा झालो.

आता पाळीची, तलावाच्या बांधाची गोष्ट. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर उभं राहून तुम्ही हात वर करून प्रार्थना करायचा. मोठ्यानं. नावं घेऊन. पहिली आजी, जी मी पाहिलीच नाही. मग बाबा, मग आई, मग मी. चौथा. मग आत्या, मग तो दुरावलेला भाऊ, मग अख्खं गाव. पाटलाचा आजारी बैल, डाकवाले सुधाकरभाऊ, ढिवर मोहल्ल्यातली गरोदर पोरगी, पाण्यातला मासा. बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्यांनी एके काळी तुम्हाला तलावातल्या मासळीच्या वाट्यातून बाहेर ठेवलं होतं त्यांचीही नावं, त्यांच्या लेकरांसकट. लहानपणी मी रुसलो होतो की माझा नंबर चौथा का.

"नंबर शाळेत लावजो," तुम्ही म्हणालात. "इथी लाइनीत उभा राय."

कान जायला लागले तेव्हा तुम्हाला एक चिंता पडली. आपला आवाज किती येतो हे तुम्हालाच कळेना. मग तुम्ही मला पलीकडच्या काठावर पाठवायला लागलात, मोहाच्या झाडाखाली. "तुह्यं नाव आयकू आलं का हात वर कर." मी हात वर केला की तुम्ही पाचव्या नावाकडे जायचा. आबाजी, आज कबूल करतो. मला ऐकू यायचं. पहिल्याच हाकेत यायचं. तरी मी हात वर करायचो नाही. तुम्ही "शमुवेल" म्हणायचा, मी गप्प. तुम्ही आणखी मोठ्यानं म्हणायचा, मी गप्प. तिसऱ्यांदा तुमच्या आवाजानं बगळे उडायचे, तेव्हा मी हात वर करायचो आणि हसून हसून खाली बसायचो. माझं नाव त्या पाण्यावरून येताना ऐकायला मला फार आवडायचं. एवढंच होतं. पण तुमच्या प्रार्थनेचा आवाज एवढा मोठा झाला तो माझ्यामुळे. मीच तुम्हाला ओरडायला शिकवलं.

मग मी चंद्रपूरला कॉलेजात गेलो. दर शनिवारी यायचो, आठवड्याचे कागद वाचायचो, आणि आता वादही घालायचो. रसायनशास्त्र शिकत होतो ना. मला वाटायचं, आपल्याला आता सगळं तपासून पाहता येतं.

"आबाजी, देवाला सगळं माहीत असतं ना?"

"असते."

"मग रोज सांगायचं कशाला?"

तुम्ही सुई दातांत धरून गाठ मारलीत आणि मग म्हणालात, "तुही माय मिरचीले गेली का तू रोज तिच्या फोनची वाट काऊन पायतं? तिले मालूम नाई का तू इथी हायस मनून?"

पुढच्या शनिवारी दुसरा प्रश्न घेऊन आलो. हा वाद आपण कधी संपवला नाही. तुम्ही हरायचा नाही, मी मानायचो नाही, आणि आत्या म्हणायची, "झालं असन तं जेवाले बसा दोघं बी." मला वाटायचं, हा वाद आयुष्यभर पुरेल.

पदवी मिळाली. ऊर्जानगरला वीज केंद्रातल्या पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली, राहायला खोली मिळाली. लोक मला सॅम म्हणायला लागले. मला ते बरं वाटलं. शमुवेल म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणते तुम्ही, कुठले, कधीपासून. सॅम म्हटलं की कोणी काही विचारत नाही.

या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात. सकाळच्या एसटीनं, हातात ओल्या गवतात गुंडाळलेल्या मरळ माशांची पिशवी. बसमधून उतरताना कंडक्टर नाक मुरडत म्हणाला, "बाबा, याइची तिकीट काढली का?" आणि तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "मेले हायत ते भाऊ. मेलेल्याले तिकीट नसते." कंडक्टर हसला, मी हसलो. मला त्या क्षणी तुमचा किती अभिमान वाटला होता. तो क्षण मी घट्ट धरून ठेवतो आहे, कारण त्याच्यापुढे अर्ध्या दिवसानं जे झालं ते आठवायची माझी हिंमत होत नाही.

दुपारी मी लॅबमधले तिघे आणि आमचे साहेब जेवायला बोलावले होते. तुम्ही स्वतः मासे रांधलेत. ताटं वाढली. साहेबांनी घास उचलला आणि तुम्ही उभे राहिलात. हात वर केलेत. डोळे मिटलेत. आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीत, तलावाच्या पलीकडे पोचेल एवढ्या आवाजात, सुरू केलंत.

आजीचं नाव आलं, बाबांचं, आईचं, माझं. मग तुम्ही नवीन नावं घ्यायला लागलात. "हे बापा, या मोठ्या साहेबाच्या गुडघ्याले आराम दे. त्याइच्या गाडीचं चाक पंचर होऊ देऊ नको. पानी तपासनाऱ्या मशीनले शानपन दे. या तिन्ही लेकराइले चांगल्या बायका भेटू दे." एक जण फुस्सकन हसला. दुसऱ्यानं तोंडावर रुमाल घेतला. साहेबांचा घास हातातच. बाजूच्या खोलीचं दार उघडलं. मी उठलो, तुमचा हात खाली ओढला, तुमच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो,

"आबाजी, पुरे! देव काही तुमच्यासारखा बहिरा नाही."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, आबाजी.

तुम्ही ऐकलंत. मला माहीत आहे तुम्ही ऐकलंत, कारण तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत, रागानं नाही, तर वाचता वाचता मी ओळ गाळली की पाहायचा तसं. मग खाली बसलात. साहेबांना म्हणालात, "घ्या जी, गरम हाय." जेवणभर तुम्ही सगळ्यांना वाढलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तुम्ही खिडकीशी उभे होता. हात वर नव्हते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आठ दिवस राहायला आलेला माणूस त्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत गेला. "जाळे वाळवाचे हायत," म्हणालात. मी तुम्हाला स्टँडवर सोडलं. बस सुटेपर्यंत माझ्या तोंडात ते वाक्य होतं, चुकलो म्हणून. मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतली ना?"

पुढे आत्या फोनवर सांगायला लागली. "बाबा आता पाळीवर गपच उभे रायतेत गा. लोक इचारतेत, काय झालं म्हाताऱ्याले." मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? ती म्हणाली, तब्येतीला काय झालं, आवाजच काढत नाहीत. मग मला झोप लागेना, कामात नीट लक्ष लागेना. फोनवर तुमच्याशी बोलणं अशक्य. तुम्ही मोबाइल उलटा धरायचा आणि सगळं बोलणं आत्याच्या तोंडून व्हायचं. ही गोष्ट आत्याच्या तोंडून सांगायची नव्हती. म्हणून मी पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा टाकलं.

पंधरा दिवसांनी आत्याला विचारलं, "पत्र मिळालं?"

"मिळालं नं."

"आबाजी काय म्हणाले?"

"काई नाई. ठेवलन शास्त्रात."

मी फोन ठेवला. "वाचलं का" हे मी विचारलं नाही. आबाजी, मी हा एक प्रश्न विचारला असता तर! ऊर्जानगरला राहून मला एकच सवय लागली होती. आपण पाठवलं म्हणजे समोरच्यानं वाचलं. वाचून उत्तर दिलं नाही म्हणजे त्याला द्यायचं नाही. पडवी, बांबूची सुई, आठवडाभराच्या कागदांचा गठ्ठा, सिरोंच्याचं ते पत्र, मी कसा विसरलो हे सगळं? पोळ्याला येतो म्हणालो होतो, आलो नाही. दिवाळीला शिफ्ट होती, पण बदलून मिळाली असती. खरं सांगायचं तर मला तुमच्या तोंडाकडे पाहायची भीती वाटत होती. ज्या माणसानं तलावाच्या वाट्यातून काढणाऱ्यांना माफ केलं त्यानं मला केलं नाही, तर मी किती वाईट असेन, असं मी रोज मोजत बसायचो. शेवटी आत्याला सांगितलं, नाताळला नक्की येतो.

नाताळला दीड महिना होता. धानाची कापणी सुरू होती. दोन दिवस तुम्हाला ताप आला, तिसऱ्या सकाळी तुम्ही अंगणातल्या खाटेवर गेलात. मी लॅबमध्ये पाण्याची बाटली हातात धरून उभा होतो तेव्हा आत्याचा फोन आला. तिला बोलता येईना. मागे बायांच्या रडण्याचा आवाज आला आणि मला कळलं.

आबाजी, त्या दिवशी तलावात कोणी जाळं टाकलं नाही. आईबाबा तेलंगणातून येऊन पोचले. ढिवर मोहल्ल्यातल्या माणसांनी खड्डा खणला. गावात आपली ख्रिस्ती घरं तीनच, पण माणसं पाळीपर्यंत उभी होती. एकानं तुमच्या पेटीत जाळ्याचा तुकडा ठेवला, तुम्ही विणलेला. पास्टर म्हणाले, "शमुवेल, शास्त्र तू वाच. त्यांचं वाचणारा तूच." मी तुमचं शास्त्र घेतलं. तुमच्या आवडीची गोष्ट काढायला हिरवा दोरा धरून पान उघडलं. दोऱ्याजवळ माझं पाकीट होतं.

डिंक तसाच होता. एका कोपऱ्याला माती लागलेल्या बोटाचा डाग होता, तुमच्या अंगठ्याचा असणार. मी ते उलटसुलट करून पाहिलं. सगळे वाट पाहत होते. मला वाचता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमच्यासाठी वाचता आलं नाही. पास्टरांनी माझ्या हातातून शास्त्र घेतलं आणि ते वाचले. त्यांनी एकही ओळ गाळली नाही, पण मला एकही ऐकू आली नाही.

नंतर मी आत्यावर ओरडलो. तिच्या बापाला माती दिली त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. "तू का नाही वाचलंस? पाकीट फाडून वाचून का नाही दाखवलंस?"

ती म्हणाली, "तुले तं मालूमच होतं नं गा शमू. ते कोनाले वाचू देतेत का? मले वाटलं तू मुद्दाम धाडली, मंग येऊन वाचशीन मनून." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "रोज काढून पायत. मनत, जाड हाय चिठ्ठी. लय लिवलन पोट्ट्यानं."

एकच पान होतं आबाजी. पाकीटच जाड होतं.

सुधाकरभाऊ आले होते, सायकल भिंतीला टेकवून. त्यांनी ते पत्र तुमच्या हातात दिलं होतं. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

"मी मनलो, आबाजी, वाचून देऊ का? इथी कोनी नाई, हळूच वाचतो. तं मनले, लिवली कोनं? मनलो, शमूनं. मनले, मंग शमूच वाचन. मी मनलो, तो कधी येईन? मनले, चिठ्ठी पयले आली, मागून मानूसबी येतेच."

मी त्यांना ऊर्जानगरची गोष्ट सांगितली. मी तुम्हाला काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून सुधाकरभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"मी बी एकदा इचारलं होतं त्याइले. मनलो, आबाजी, आमी बुद्धाचे लेकरं, आमचं नाव तुमी काऊन घेता, आन घेता तं एवढ्या जोरानं काऊन? तं मनले, देवाले कुजबुजलं तरी आयकू येते रे. मी त्याच्यासाठी नाई बोंबलत. मानसाले आयकू आलं पायजे, का आपलं नाव कोनी घेऊन राह्यला." सुधाकरभाऊ उठले. "माह्या बापानं बी माह्यं नाव कधी असं घेतलं नाई गा. सकारी पाळीवरून जातानी मी सायकल हळू करो."

आबाजी, हे तुम्ही मला का नाही सांगितलं? इतके शनिवार आपण भांडलो. मी विचारत राहिलो, देवाला सांगायचं कशाला, देवाला सांगायचं कशाला. एकदा म्हणायचं होतं, अरे मूर्खा, देवासाठी नाहीच ते. की तुम्हाला वाटलं, पलीकडच्या काठावर हात वर करणाऱ्या पोराला हे वेगळं सांगायची गरज नाही?

आत्या म्हणते, शेवटच्या सकाळीही तुमचे ओठ हलत होते. मी तिला पुन्हा पुन्हा विचारतो. पहिलं नाव कोणतं होतं? चौथं? ओठ मिटले होते का मध्येच? "म" म्हणताना ओठ मिटतात आत्या, आठव ना. ती रडते. मी तिला छळतो आहे हे मला कळतं, तरी विचारतो. मी तुमच्या बाजूला असतो तर ओठांवरून ओळखलं असतं. मी त्या वेळी पाण्याची बाटली हलवत होतो.

मी प्रार्थना करून पाहिली. मला येत नाही. आयुष्यभर मी फक्त ऐकली. तुमची यादी म्हणायला गेलो तर गावापर्यंत येते आणि पुढे तुटते. पाण्यातल्या माशानंतर कोणकोण होतं? वाट्यातून काढणाऱ्यांच्या लेकरांची नावं काय होती? तीही तुमच्यासोबत गेली. आता त्या माणसांची नावं कोणीच घेत नाही आणि त्यांना ते माहीतही नाही.

काल रविवार होता. पास्टर म्हणतात की तुम्ही आहात, ऐकता. मला ते खरं आहे का हे माहीत नाही आणि आता वाद घालायची ताकद नाही. मला एवढंच माहीत आहे की तुम्ही हे पाकीट माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, घरातल्या प्रत्येक कागदासारखं. ते न वाचता मी ऊर्जानगरला परत गेलो तर मी तुमचा कोणीच नाही. म्हणून आज सकाळी मी पाळीवर गेलो, तुम्ही उभे राहायचा तिथंच उभा राहिलो. पाकीट फोडलं. आणि वाचलं, आबाजी. मोठ्यानं. सोसायटीचे लोक जाळी घेऊन चालले होते, ते थांबले. सुधाकरभाऊ सायकलवरून उतरले. मला लाज वाटली नाही. बगळे उडेपर्यंत मी वाचत राहिलो. एकही ओळ गाळली नाही. हे ते पत्र.

*

आबाजींना शमूचा सलाम.

मी बरा आहे. काम नीट चालू आहे. तुम्ही आणलेल्या मरळीची आठवण साहेब अजून काढतात. त्यांचा गुडघा थोडा बरा आहे, हे त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलं.

आबाजी, त्या दुपारी मी तुम्हाला जे बोललो ते मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. मला तुमची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, खरंच वाटली. चार लोकांच्या हसण्यापुढे मला तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही रागावला असता, थोबाडीत मारली असती तर मी मोकळा झालो असतो. तुम्ही सगळ्यांना मासे वाढलेत.

आत्या सांगते, तुम्ही पाळीवर आता गप्प उभे राहता. आबाजी, असं करू नका. माझ्यावर राग धरा, मला बोलू नका, पण प्रार्थना गप्प करू नका. मी इथं सकाळी उठतो तेव्हा आता तलावावर माझं नाव निघालं असेल, असं मनात म्हणून कामाला जातो. आत्यानं सांगितल्यापासून मला ते म्हणता येत नाही. मला देवाचं कळत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण तुम्ही माझं नाव घेता म्हणून मी शाळेत टिकलो, कॉलेजात टिकलो. मी शिकलो तो तुमच्यामुळे.

एक गोष्ट आणखी सांगायची आहे. लहानपणी पलीकडच्या काठावर मला पहिल्या हाकेतच ऐकू यायचं. मी मुद्दाम हात वर करत नव्हतो.

मी येतो. माझा नंबर चौथाच राहू द्या, पण नाव मोठ्यानं घ्या. मी मोहाच्या झाडाखाली उभा राहीन. ऐकू आलं की या वेळी लगेच हात वर करीन.

तुमचा,
शमुवेल